वकील जनरल बटलर

आपल्याकडे वकिलाबद्दल दोन मते असतात. ज्याचा दावा त्याने जिंकून दिला, त्याला तो देवमाणूस वाटतो. आणि ज्याच्या विरुद्ध तो उभा राहिला, तो म्हणतो, हा शब्दांचा कीस काढणारा माणूस. दोन्ही मते एकाच वकिलाबद्दल असतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही सांगायला नको. आज ज्या गृहस्थाची हकिकत सांगणार आहे त्याच्याविषयी साऱ्या देशाची अशीच दोन मते होती. तो नामांकित वकील होता, लढाईत जनरल झाला, आणि खरे सांगायचे तर जनरल म्हणून बेताचाच ठरला. पण एका दिवशी, एका किल्ल्यात, त्याने वकिलाच्या डोक्याने असा एक निर्णय दिला की त्यातून हजारो माणसांना गुलामीतून बाहेर पडायची वाट मिळाली. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन बटलर.

बटलरचा जन्म ५ नोव्हेंबर १८१८ रोजी अमेरिकेच्या उत्तर भागातल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, डिअरफील्ड या गावी झाला. बाप दर्यावर्दी. मुलगा अगदी तान्हा असतानाच तो वेस्ट इंडीज बेटांकडे पीतज्वराने गेला. हा पीतज्वर ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. विधवा आई मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गावी आली आणि तिथे तिने खाणावळ चालवली. लोवेल म्हणजे गिरणगाव. नदीच्या पाण्यावर फिरणारी प्रचंड चाके, त्यांवर चालणारे माग, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुली तिथे दिवसाचे बारा-तेरा तास काम करीत. मागावर चढणारा कापूस मात्र दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला.

पोराच्या मनात लष्करी शाळेत जायचे होते, पण प्रवेश काही मिळाला नाही. तेव्हा कॉलेज करून तो १८४० साली वकील झाला. एका डोळ्याने तिरळा, अंगाने बोजड, जिभेने तिखट. गिरणीमालकांचे वकील व्हावे, तर पैसा होता. पण हा बहुतेक वेळा कामगारांच्या बाजूने उभा. दिवसाचे काम दहा तासांवर आणा, या चळवळीत तो पुढे होता. त्याची एक गोष्ट लोवेलमध्ये फार सांगत. एका कामकरी मुलीचा पगार गिरणीने अडवला. बटलरने दावा लावला आणि जप्तीचा हुकूम मिळवला. जप्ती कशावर? तर गिरणी जिच्यावर चालते त्या पाणचाकावरच! चाक थांबले तर गिरणी थांबली. मुलीचे पैसे लगेच चुकते झाले म्हणतात. गोष्ट थोडी फुगवलेली असेलही. पण माणूस कसा होता, ते यातून कळते. कायद्याच्या पुस्तकात दुसऱ्याला न दिसणारी कडी त्याला दिसे, आणि ती तो नेमकी ओढी.

आता त्याची दुसरी बाजू. राजकारणात हा डेमोक्रॅटिक पक्षाचा, म्हणजे दक्षिणेतल्या मळेवाल्यांशी जमवून घेणाऱ्या पक्षाचा. १८६० साली चार्ल्स्टन इथे पक्षाची परिषद भरली, तेव्हा अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्याने सत्तावन्न वेळा मत दिले ते जेफर्सन डेव्हिसला. हा डेव्हिस पुढल्याच वर्षी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष झाला. सांगायचा मुद्दा हा, की गुलामांचा कैवार घेऊन बटलर घराबाहेर पडला नव्हता.

वकिलीबरोबर त्याला राज्याच्या मिलिशियाची हौस होती. मिलिशिया म्हणजे पोटापाण्याचे उद्योग सांभाळून कवायत करणाऱ्या नागरिकांची फौज. तिच्यात चढत चढत तो १८५५ साली ब्रिगेडिअर जनरल झाला. लढाई मात्र त्याने पाहिलेली नव्हती. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटले आणि अध्यक्ष लिंकनने राज्यांकडे फौजा मागितल्या, तेव्हा हा वकील आपल्या पलटणी घेऊन निघाला.

सुरुवात झोकात झाली. १९ एप्रिलला बाल्टिमोर शहरात दक्षिणेच्या बाजूच्या जमावाने मॅसॅच्युसेट्सच्या एका पलटणीवर हल्ला केला, माणसे मेली, आणि राजधानी वॉशिंग्टनकडे जाणारी रेल्वेची वाट बंद पडली. बटलरने शहर टाळले. आगबोट ताब्यात घेऊन तो खाडीने अ‍ॅनापोलिसला उतरला. तिथे रेल्वेचे रूळ उखडलेले, इंजिन मोडून टाकलेले. त्याने शिपायांना विचारले, इंजिनाचे काम कुणाला येते? एकजण पुढे आला आणि म्हणाला, हे इंजिन आमच्याच कारखान्यात घडले आहे. गिरणगावच्या पलटणीत सुतार, लोहार, फिटर सगळेच होते. इंजिन चालू झाले, रूळ बसले, राजधानीची वाट मोकळी झाली. मे महिन्यात एका वादळी रात्री वरिष्ठांना न विचारताच त्याने बाल्टिमोरची मोक्याची टेकडीही धरली. सरसेनापती स्कॉट संतापले. लिंकनने मात्र त्याला मेजर जनरल केले आणि व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या फोर्ट मन्रो या किल्ल्यावर पाठवून दिले. बढती म्हणावी की दूर धाडणे म्हणावे? मला वाटते, दोन्ही.

या किल्ल्याची जागा अशी आहे. समुद्रात शिरलेले भूशिर, सभोवार खंदक, आणि पलीकडे व्हर्जिनियाची भूमी. व्हर्जिनिया फुटून निघालेली, पण तिच्या अंगावरचा हा दगडी किल्ला केंद्र सरकारच्या हातात राहिलेला. याच भूशिराला १६१९ साली एक जहाज लागले होते आणि त्यातून इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीतले पहिले आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले होते. म्हणजे जिथून गुलामी या मुलखात शिरली, नेमकी तीच जागा.

बटलर २२ मे १८६१ ला किल्ल्यावर पोहोचला. दुसऱ्या दिवशी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघण्याच्या ठरावाला मान्यता दिली. आणि त्याच रात्री तीन माणसे होडीत बसून, अंधारात खाडी ओलांडून किल्ल्याच्या पहारेकऱ्यांपुढे येऊन उभी राहिली.

त्यांची नावे फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. हॅम्प्टन गावचा वकील आणि दक्षिणेच्या बाजूचा कर्नल, चार्ल्स मॅलरी, याचे हे गुलाम. त्याने त्यांना पलीकडच्या काठावर तोफांचा मोर्चा बांधायच्या कामावर लावले होते. आता इथून आणखी दक्षिणेला, बायकामुलांपासून दूर न्यायचा बेत त्यांच्या कानावर आला, आणि तिघांनी धोका पत्करला. धोका लहान नव्हता. १८५० च्या कायद्याप्रमाणे पळालेला गुलाम सापडला तर तो मालकाला परत करणे हे सरकारचे काम होते. लिंकनने आपल्या पहिल्या भाषणात स्पष्ट सांगितले होते की, जिथे गुलामगिरी आहे तिथे मी हात घालणार नाही. मार्च महिन्यात फ्लॉरिडातल्या एका किल्ल्यावर असेच काही गुलाम आसऱ्याला आले, तर तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना सरळ परत पाठवले होते. आणि खुद्द बटलरने? महिन्याभरापूर्वीच मेरिलंडच्या गव्हर्नरला त्याने कळवले होते की, तुमच्याकडे गुलामांचे बंड झाले तर ते मोडायला माझे सैनिक देतो! तेव्हा या तिघांनी ज्या दारावर थाप मारली, ते उघडेलच अशी खात्री बाळगायला काही आधार नव्हता. दुसरे दारच नव्हते, एवढाच आधार.

सकाळी बटलरने तिघांना एकेकटे बोलावून विचारपूस केली. जुनी सवय. साक्षीदार एकत्र तपासायचे नाहीत. काय बांधता, तोफा किती, माणसे किती, मालक कोण. तिघांची जबानी जुळली. मग या वकिलाच्या डोक्यात चक्र सुरू झाले. हे तिघे कालपर्यंत माझ्यावर रोखल्या जाणाऱ्या तोफांसाठी मोर्चा बांधत होते. यांना परत केले, तर उद्या पुन्हा तेच बांधतील. मग मी शत्रूला मजूर पुरवायचे, असे कुठल्या युद्धशास्त्रात लिहिले आहे?

तेवढ्यात पलीकडून पांढरे निशाण घेऊन मेजर केरी आला. हा केरी हॅम्प्टनच्या सैनिकी शाळेचा मुख्याध्यापक, नुकताच गणवेश चढवलेला. मागच्या वर्षीच्या पक्षाच्या परिषदेतली त्याची आणि बटलरची ओळख होती. दोघे घोड्यांवर बसून, बोलत बोलत चालले. केरी म्हणाला, कर्नल मॅलरींचे तीन गुलाम तुमच्याकडे आहेत, ते परत करण्याची घटनेने तुमच्यावर जबाबदारी आहे. बटलर म्हणाला, तो कायदा परक्या देशाला लागू नाही. आणि व्हर्जिनिया आता आपण परका देश झालो म्हणून सांगत आहे. केरीही शिकवणारा माणूस, त्याने डाव उलटवला: पण तुमच्या मते तर आम्ही फुटूच शकत नाही, मग तुमच्याच मताप्रमाणे कायदा लागू झाला. बटलर म्हणाला, पण तुम्ही तर फुटलो म्हणता, मग मागता कोणत्या तोंडाने? आणि लढाईत शत्रूच्या कामी येणारा माल हाती लागला तर तो ठेवून घेण्याचा हक्क आम्हाला आहे. हां, कर्नल मॅलरी इथे येऊन केंद्र सरकारशी निष्ठेची शपथ घेत असतील, तर देतो मी परत!

शपथ घेतली तर मॅलरीचे कर्नलपद गेले, न घेतली तर गुलाम गेले. केरी रिकाम्या हाताने परतला.

शाळेतल्या गुरुजनांनी या संभाषणाकडे जरा बारकाईने पाहावे अशी माझी विनंती आहे. गुलामी वाईट, माणूस विकण्याची वस्तू नव्हे, असे बटलर या सगळ्यात एकदाही म्हणाला नाही. उलट त्याने शत्रूचेच म्हणणे मान्य केले. तुम्ही म्हणता ना हा माल आहे? ठीक, मग मालाचा कायदा लावू. घोडा, गाडी, दारूगोळा यांच्यासारखाच हाही माल, तेव्हा जप्त. गुलामीचा कायदा त्याने गुलामीच्याच शब्दांनी बांधून टाकला. लोवेलच्या पाणचाकाची जप्ती आणि ही जप्ती, दोन्ही एकाच डोक्यातून निघालेल्या.

या युक्तिवादाला पुढे एक नाव पडले, 'काँट्राबँड', म्हणजे युद्धात जप्तीला पात्र असलेला माल. हा शब्द वाऱ्यासारखा पसरला. वर्तमानपत्रांनी उचलला, शिपायांच्या तोंडी बसला. आणि किल्ल्याच्या पलीकडे, मळ्यांवरच्या झोपड्यांतून, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत बातमी पोहोचायला छापखाना लागलाच नाही. दोन दिवसांत आठ आले, मग आणखी, मग बायका, म्हातारी माणसे, कडेवर पोरे. गुलामांनी किल्ल्याला नाव ठेवले: स्वातंत्र्याचा किल्ला.

इथे वकिलाची खरी परीक्षा झाली. मोर्चा बांधणारा गडी हा शत्रूच्या कामाचा माल, हे ठीक. पण तीन वर्षांचे पोर कोणता मोर्चा बांधते? २७ मे रोजी बटलरने वॉशिंग्टनला पत्र पाठवून हेच विचारले. हिशेबी माणूस, त्याने किंमतही लिहून टाकली: बाजारभावाने साठ हजार डॉलरची मालमत्ता माझ्याकडे जमली आहे. पण पुढे विचारले की, बाप ठेवून घ्यायचा आणि मूल परत करायचे, हे होईल कसे? सरकारने ३० मे ला उत्तर दिले, तुम्ही केलेत ते योग्य. जुलैअखेर त्याच्याकडे नऊशे माणसे होती आणि त्याने त्यांची मोजदाद कळवली: काम करणारे धडधाकट पुरुष तीनशे, वयाने थकलेले तीस, बायका एकशे पंचाहत्तर, दहा वर्षांखालची मुले दोनशे पंचवीस, आणि दहा ते अठराच्या दरम्यानची एकशे सत्तर. आणि या वेळी त्याने सरकारला जे विचारले त्यात मालाची भाषा मागे पडली. ही मालमत्ता असेल, तर मालक तिला टाकून पळाले आहेत. आम्हाला असली मालमत्ता ठेवायची नाही. मग मालकी संपली की उरते ते माणूसच ना? अशा आशयाचा तो मजकूर आहे. दोन महिन्यांत वकील कुठून कुठे आला ते पाहा. मला वाटते, रोज सकाळी किल्ल्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या त्या बायकापोरांनी त्याला तिथवर आणले.

ऑगस्टमध्ये काँग्रेसने कायदाच केला की, शत्रूच्या लष्करी कामावर लावलेल्या गुलामांवर मालकाचा हक्क राहणार नाही. त्यानंतर दुसरा कायदा झाला, आणि १ जानेवारी १८६३ ला लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा आला. सगळे काही त्या एका होडीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण जाहीरनाम्याच्या आधी दीड वर्ष, माणसे आपल्या पायांनी चालत येऊन तो प्रश्न सरकारपुढे टाकत होती, हे विसरता कामा नये.

सगळे गोड झाले असेही नाही. बटलर गेल्यावर किल्ल्यावरच्या मजुरांना महिना आठ डॉलर ठरला, पण त्यातले बरेचसे निधीत कापून घेतले जात आणि हातात थोडेच पडे. छावण्यांत रोगराई होती. 'जप्तीचा माल' हे नाव माणसांना मिरवावे लागले, तोही अपमानच. ऑगस्ट १८६१ मध्ये दक्षिणी फौजेने हॅम्प्टन गाव जाळून टाकले, तेव्हा सुटलेल्या लोकांनी त्याच राखेवर, उभ्या राहिलेल्या धुराड्यांना टेकवून आपल्या झोपड्या बांधल्या. मेरी पीक नावाची एक स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई तिथे सप्टेंबरपासून मुलांना आणि मोठ्यांना शिकवू लागली. व्हर्जिनियात काळ्या माणसाला लिहायला शिकवणे कायद्याने गुन्हा होता. बाई क्षयाने आजारी होत्या. खाटेवरून शिकवत राहिल्या आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये वारल्या. जिच्या सावलीत त्यांची शाळा भरे असे सांगतात, ती ओकच्या झाडाची जुनी सावली हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात अजून आहे.

आता एक गोष्ट आपल्या मुलखाची. याच युद्धात दक्षिणेची बंदरे अडवली गेल्याने तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग त्यांनी हात पसरले ते हिंदुस्थानाकडे. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी न आलेला भाव आला. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ साली पोहोचली. त्याआधी हा कापूस बैलगाड्यांच्या तांड्यांनी येत असे. मुंबईत पैसा पाण्यासारखा वाहिला, समुद्र बुजवायच्या कंपन्यांच्या शेअरवर लोकांनी घरेदारे लावली. १८६५ साली तिकडे युद्ध संपले, आणि इकडे भाव कोसळून पेढ्या बुडाल्या. हा झाला पैशाचा धागा. दुसरा धागा निराळा. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अर्पण केला तो अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून फुल्यांनी त्या लढ्याची नोंद घेतली होती.

पुन्हा बटलरकडे वळू. रणांगणावर त्याची पहिली परीक्षा १० जून १८६१ ला बिग बेथेल इथे झाली, आणि तो नापास झाला. रात्रीच्या कूचीची योजना त्याची. अंधारात आपल्याच दोन पलटणींनी एकमेकींवर गोळ्या झाडल्या, शत्रू सावध झाला, आणि अठरा माणसे मेली, पलीकडचा एक. कागदावर युक्तिवाद रचणे वेगळे आणि अंधारात माणसे हलवणे वेगळे. ऑगस्टमध्ये आरमाराच्या जोरावर हॅटरासचे दोन किल्ले हाती आले, तेवढीच भरपाई.

१८६२ च्या मे महिन्यात मात्र त्याला आवडेल असे काम मिळाले. आरमाराने न्यू ऑर्लिन्स घेतले आणि बटलर त्या शहराचा लष्करी कारभारी झाला. दक्षिणेतले सर्वांत मोठे शहर, लोक चिडलेले, व्यापार बुडालेला, गरीब उपाशी. याने काय काय केले त्याची यादी विचित्र आहे. सरकारी टांकसाळीवरचे निशाण फाडणाऱ्या ममफर्ड नावाच्या माणसाला त्याने फाशी दिले. निशाण फाडले तेव्हा शहर रीतसर शरणही आले नव्हते, त्यामुळे हा न्याय मला कधीच पटलेला नाही. आणि युद्धानंतर त्याच ममफर्डची विधवा अडचणीत आहे असे कळल्यावर बटलरनेच तिला सरकारी नोकरी मिळवून दिली.

शहरातल्या प्रतिष्ठित स्त्रिया शिपायांच्या अंगावर थुंकत, खिडकीतून घाण ओतत. बटलरने हुकूम काढला की, यापुढे जी स्त्री शिपायाचा अपमान करील तिला रस्त्यावर धंदा करणारी बाई समजून वागवले जाईल. एकही अटक करावी न लागता अपमान थांबले. पण या शब्दांनी जगभर बोभाटा झाला. इंग्लंडच्या पार्लमेंटात पंतप्रधान पामर्स्टननी निषेध केला. दक्षिणेत बटलरला 'पशू' म्हणू लागले. डेव्हिसने, त्याच डेव्हिसने ज्याला याने सत्तावन्न मते दिली होती, जाहीर केले की हा माणूस सापडला की जागच्या जागी फाशी द्यावा. त्याच्या कारभारात त्याच्या भावाने व्यापारात बख्खळ पैसा केला, ही गोष्ट मात्र निंदकांची कुचाळकी म्हणून सोडून देता येत नाही. घरांतले चांदीचे चमचे लांबवतो म्हणून त्याला 'चमचे बटलर' असेही नाव पडले. ते सिद्ध कधी झाले नाही, पण चिकटले ते जन्मभर.

आता तो पीतज्वर. न्यू ऑर्लिन्समध्ये तो दर काही वर्षांनी येई. १८५३ साली त्याने आठ हजारांच्या आसपास माणसे नेली होती. दक्षिणेकडचे लोक वाट पाहत होते, की उन्हाळा येऊ द्या, ताप या उत्तरेच्या फौजेला खाऊन टाकील. बापाला याच तापाने गमावलेला बटलर कामाला लागला. गटारे, कालवे, बाजार साफ करायला त्याने सुमारे दोन हजार बेकार माणसे लावली. त्यांना मजुरी दिली, धान्य दिले, आणि त्याचा खर्च वसूल केला तो बंडाच्या निधीला वर्गणी देणाऱ्या सावकारांकडून. वर्गणीची यादी त्यांनीच छापलेली होती, तीच पुरावा! रोगट बंदरांहून आलेली जहाजे नदीत खाली अडवून ठेवली. हा ताप डास पसरवतात हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडले. बटलरला ते ठाऊक नव्हते. पण जहाजे अडवली की डासही अडले. त्या उन्हाळ्यात तापाचे मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. युद्धामुळे जहाजेच कमी येत होती, हेही खरे. तरी शहर झाडून काढणारा हा शत्रू त्या लोकांना कुठे ठेवावा ते कळेना.

सप्टेंबर १८६२ मध्ये त्याने तिथल्या कृष्णवर्णीय नागरिकांची पलटण सरकारी फौजेत घेतली, तीही काळ्या अधिकाऱ्यांसह. सुरुवातीला तो याच्या विरुद्ध होता. पण कुमक मागूनही मिळेना, तेव्हा मत बदलले. परदेशी वकिलातींशी भांडणे फार झाली म्हणून डिसेंबरमध्ये त्याला तिथून हलवले.

पुढली लष्करी कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात सांगण्यासारखे थोडे आहे. मे १८६४ मध्ये रिचमंड या दक्षिणी राजधानीच्या बाजूला, जेम्स नदीच्या वळणात तो मोठी फौज घेऊन उतरला. समोर पहिल्यांदा माणसे थोडी होती. तो थबकला, बिचकला, आणि बोरगार्ड या दक्षिणी सेनापतीने वळणाचे तोंड खंदकांनी बंद करून टाकले. सेनापती ग्रँटने आपल्या अहवालात लिहिले की, बाटलीत घालून बूच मारावे तशी ती फौज झाली. डिसेंबरात फोर्ट फिशर या किल्ल्यापुढे दोनशे टनांहून जास्त दारू भरलेले जहाज उडवून तट पाडायचा घाट घातला. धडाका झाला, तटाचा खडाही हलला नाही. उतरवलेली फौज त्याने परत बोटीवर घेतली. जानेवारीत त्याला कामावरून काढले. तो किल्ला घेणे अशक्यच होते, असे तो काँग्रेसच्या समितीपुढे पुराव्यानिशी सांगत असतानाच बातमी आली, किल्ला पडला! वकिलावर याहून वाईट प्रसंग कोणता यावा?

मधला एक दिवस मात्र वेगळा काढला पाहिजे. २९ सप्टेंबर १८६४, न्यू मार्केट हाइट्स. बटलरच्या हाताखालच्या कृष्णवर्णीय पलटणी पहाटे दलदलीतून, लाकडी अडथळे तोडत, वरून गोळ्यांचा पाऊस पडत असताना टेकडी चढून गेल्या. शेकडो पडले. अधिकारी पडले तिथे साध्या हवालदारांनी तुकड्या पुढे नेल्या. त्या एका लढाईतल्या चौदा काळ्या शिपायांना देशातले सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. बटलरने स्वतःच्या खिशातून चांदीची आणखी पदके पाडून घेतली आणि आपल्या हातांनी वाटली. काळा माणूस लढेल का, असे विचारणारे तेव्हा पुष्कळ होते. एकंदर युद्धात सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले.

युद्ध संपले. मे १८६५ मध्ये पकडलेल्या जेफर्सन डेव्हिसला कैदेत ठेवले, ते नेमके फोर्ट मन्रोत. तिथे त्याने दोन वर्षे काढली.

बटलर काँग्रेसमध्ये निवडून गेला. १८६८ साली अध्यक्ष जॉन्सनवर महाभियोग चालला तेव्हा फिर्यादीच्या बाजूने मुख्यतः हाच उभा होता. एका मताने तो खटला हरला. काळ्या लोकांवर रात्री हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनविरुद्धचा १८७१ चा कायदा घडवण्यात त्याचा मोठा हात होता. १८७४ साली नागरी हक्कांच्या विधेयकावर बोलताना त्याने न्यू मार्केट हाइट्सवर पडलेल्या शिपायांची आठवण सभागृहाला करून दिली, आणि ते विधेयक पुढल्या वर्षी मंजूर झाले. पक्ष त्याने इतके बदलले की मोजायला कंटाळा यावा. पुष्कळ वेळा हरून शेवटी १८८३ मध्ये तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला आणि जॉर्ज रफिन या कृष्णवर्णीय वकिलाला त्याने न्यायाधीश नेमले. हार्वर्ड विद्यापीठ दर गव्हर्नरला मानाची पदवी देई; याला दिली नाही. १८८४ मध्ये त्याने अध्यक्षपदाचीही निवडणूक लढवून पाहिली. ती अर्थातच गेली.

म्हातारपणी त्याने हजारावर पानांचे आत्मचरित्र लिहिले. त्यात प्रत्येक लढाईचा दोष दुसऱ्या कुणाचा तरी आहे. वकिली मात्र अखेरपर्यंत सुटली नाही. जानेवारी १८९३ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो सुप्रीम कोर्टातल्या एका कामासाठी वॉशिंग्टनला गेला होता. तिथेच ११ तारखेला त्याचा अंत झाला, आणि त्याला लोवेलला नेऊन पुरले.